सत्तावीस नंबरचं झाड

रूपीने खुंटी हलवली ती हातभरच. कुणाच्या लक्षात आलं नाही असं तिला वाटलं, पण टेपचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या हेमालीने ते पाहिलं होतं. हेमाली समुद्रकाठच्या चिखल्याची. तिची आई बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायची, आणि गिऱ्हाईक गोड बोलता बोलता एखादा मासा जास्तीचा कसा पिशवीत सरकवतं हे हेमालीने लहानपणापासून पाहिलेलं. असले हात तिच्या नजरेतून सुटत नसत. तरी ती एवढंच म्हणाली, "दोरी ताण गो, मध्ये सैल पडलीय."

ही गोष्ट २०१६च्या नोव्हेंबरातली. डहाणू रोडजवळच्या एका हायस्कुलातल्या नववीच्या मुलांना प्रविण सरांनी सायवनच्या वरच्या रानात आणलं होतं. सर विज्ञान शिकवत. जंगलाचा धडा वर्गात बसून शिकवणं म्हणजे फळ्यावर पोहायला शिकवणं, असं त्यांचं म्हणणं, आणि एकदा काही मनात घेतलं की सर गप्प बसत नसत. मुख्याध्यापकांच्या मागे त्यांनी दोन महिने भुणभुण लावली, वनखात्याकडून परवानगीचं पत्र आणलं, टेम्पो ठरवला आणि बत्तीस मुलं त्यात कोंबली. बरोबर दोऱ्या, खुंट्या, मोजायच्या लांब टेपा, डिंक घातलेल्या चुन्याचे डबे आणि दोन पिंपं खिचडी.

काम सोपं होतं. पाच-सहा जणांचा एक गट. प्रत्येक गटाला रानातला वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद तुकडा. सर त्याला प्लॉट म्हणत. चार कोपऱ्यांवर खुंट्या, भोवती दोरी. आतलं मनगटाहून जाड असलेलं प्रत्येक झाड मोजायचं, त्याचं नाव लिहायचं, छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा आणि बुंध्यावर चुन्याने नंबर टाकायचा. वर्षभराने परत येऊन तीच झाडं पुन्हा मोजायची. "जंगल वाढतंय की संपतंय हे कुणाला विचारत बसायचं नाही," सर सांगत, "मोजायचं आणि लिहायचं."

छातीची उंची म्हणजे कुणाच्या छातीची, यावरून पहिला अर्धा तास गेला. मनिष गटात सगळ्यात उंच आणि सुनिता त्याच्या कोपराला लागणारी. दोघांचे आकडे जमेनात. शेवटी सरांनी एक काठी कापून दिली आणि वर खूण केली, तेव्हा भांडण मिटलं. झाडाला खिळा मारायचा नाही, ऑईलपेंट फासायचा नाही, हा सरांचा कायदा, म्हणून चुना. तो वर्षभर टिकेल असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. सर सोलापूरकडचे, डहाणूला येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. सायवनच्या डोंगरात पाऊस कसा कोसळतो याचा त्यांना तेवढाच अंदाज होता जेवढा हेमालीला झाडांचा.

आणि हेमालीचा अंदाज तर काय सांगावा. सुकवायला टांगलेला मासा कोणता आणि किती दिवसांचा हे ती रस्त्यावरून सांगेल; पण रानात तिला सगळंच नुसतं झाड. "ह्याचं काय नाव?" "ऐन." "आणि ह्याचं?" "हेद." "दोन्ही एकच तर दिसतात." रूपी हसायची. वर्गात मागच्या बाकावर बसून तोंड न उघडणारी रूपी त्या दिवशी सारखी बोलत होती. कलंब, काकड, धामण, असाणा. साल बघून, पान चुरगाळून, कधी नुसतं दुरून. सर स्वतः वही घेऊन तिच्या मागे मागे फिरले. तिचा पाडा त्या उताराच्या खालीच होता. शाळेसाठी ती वसतिगृहात राहायची, पण हे रान तिच्या घरच्या अंगणासारखं होतं.

आता त्या खुंटीचं.

रूपीच्या आधी तिच्या आईला, नवशीला, एक मुलगा झाला होता. त्याचं नाव चिमण. तो सव्वा महिना जगला. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. रूपीच्या बापाने, शुक्राने, त्याला ह्या रानातल्या एका मोहाच्या बुंध्याशी पुरलं. दगड ठेवला नाही, खूण केली नाही. मोह त्यांच्या घरचाच मानला जायचा. रानातला कुठला मोह कुठल्या घराने वेचायचा हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक असतं, त्याला कागद लागत नाही. घरात चिमणचं नाव निघत नसे. पण दरवर्षी मोह गळायला लागला की पहिल्या दिवशी नवशी एकटी जायची, पहिली ओंजळ वेचायची आणि टोपलीत न टाकता बुंध्याशी ठेवायची. मग बाकीचा वेचायची. सहा-सात वर्षांची असताना रूपी एकदा तिच्या मागोमाग गेली आणि ही ओंजळ कुणाला म्हणून विचारू लागली. नवशी म्हणाली, "तुझा भाव हाय हितं." मग टोपली ओढून ती बाकीचा मोह वेचू लागली.

चिमण घरातच जन्मला आणि घरातच गेला. त्याचा दाखला नव्हता, रेशनकार्डावर नाव नव्हतं, अंगणवाडीच्या रजिस्टरातही नव्हतं. शाळेत जायला लागल्यावर, नावं कशी लिहून ठेवतात हे कळायला लागल्यावर, रूपीला ही गोष्ट अधूनमधून टोचायची. आईच्या पोटी एक माणूस आला आणि गेला, आणि कुठल्याच वहीत त्याची एक ओळ नाही.

त्या दिवशी त्यांच्या गटाच्या प्लॉटची दोरी त्या मोहाच्या अगदी अलीकडून गेली. दोरीवर येणाऱ्या झाडाचा नियम सरांनी चारदा सांगितला होता: अर्ध्याहून जास्त बुंधा आत असेल तरच मोजायचं. मोह पुरताच बाहेर होता. आत सव्वीस झाडं होती आणि सव्वीसच लिहायला हवी होती. रूपीने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली खुंटी उपटली आणि हातभर पलीकडे ठोकली. मोह आत आला. घेर एकशे ब्याण्णव सेंटिमीटर. नंबर सत्तावीस. तो आकडा तिने दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्यात तिने लिहिलं, 'आईचे झाड'.

सरांनी ते परतताना टेम्पोत सगळ्यांना वाचून दाखवलं. "बघा, रूपीने काय सुंदर लिहिलंय. मोह ही इथल्या माणसांची आईच आहे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. रूपी मान खाली घालून बसली आणि हेमालीने तिच्या पायावर हलकेच पाय दाबला.

त्याच आठवड्यात शनिवारी रूपी घरी गेली. शुक्रा पावसाळा संपताच खलाशी म्हणून बोटीवर गेला होता, तो आता मे महिन्याशिवाय यायचा नव्हता. घरात नवशी एकटी. रूपीने तिला सगळं सांगितलं. दोरी, टेप, नंबर. खुंटीचंही सांगितलं, जरा हसतच. नवशी हसली नाही. हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

"झाडाला दोरी लावली?"

"टेप लावली. घेर मोजायला."

"तीच ती. घरासाठी खांब पाह्यजे तवा लोक झाडाला दोरी लावतात. जो तोडायचा त्याला लावतात. उभ्या झाडाला कोण मोजतो?"

रूपीला आईचं बोलणं जुनाट वाटलं. तेरा-चौदा वर्षांच्या शिकत्या पोरीला आईचं काय जुनाट वाटत नाही. तिने नवशीला हाताला धरून झाडाशी नेलं, पांढरा आकडा दाखवला आणि समजावून सांगितलं, अगदी सर सांगतात तसं ठसक्यात. "हा सत्तावीस. आता हा शाळेच्या वहीत गेला. तिकडे साहेबाकडेपण वही जाणार. नंबर आहे तवर ह्या झाडाला कोणी हात नाय लावणार."

हे शेवटचं वाक्य सरांचं नव्हतं. ते रूपीने स्वतःच्या मनाने जोडलं होतं, आईच्या कपाळावरची आठी जावी म्हणून. ती गेलीही. नवशीने आकड्यावर हात न लावता, एक बोट अंतरावरून तो गिरवून पाहिला. दोनदा. "एवढासा तर हाय," ती म्हणाली, आणि दोघी घरी आल्या.

पुढचं वर्ष जातं तसं गेलं. रूपी दहावीत गेली. पावसाळ्यात सायवनला इतका पाऊस पडला की आठ दिवस एसटी वर आली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा पुस्तकांची पिशवी घेऊनच आली. नवशी दोनदा म्हणाली, "झाडाकडं जाऊन ये जरा." रूपी म्हणाली, "जाईन." भाताची झोडणी होती, गणिताचे स्वाध्याय होते, सुट्टी संपली. ती गेली नाही. ह्या न जाण्यावरून पुढे तिने स्वतःचा इतका छळ करून घेतला की त्याबद्दल आपण तरी तिला बोल लावू नये.

सरांनी दुसरी मोजणी डिसेंबरात धरली होती, ती सराव परीक्षेमुळे लांबत जानेवारीच्या शेवटच्या रविवारावर गेली. दहावीचं वर्ष, पालकांची कुरकुर, त्यामुळे अकराच मुलं आली. रूपी आणि हेमाली अर्थातच होत्या. टेम्पो गेल्या खेपेच्या वळणाला आला आणि सर म्हणाले, "हे काय?"

डोंगराच्या अंगावरून एक सरळ पट्टा काढला होता. खालच्या ओहोळापासून वरच्या खिंडीपर्यंत एकही झाड उभं नव्हतं. विजेच्या मोठ्या तारांची लाईन जाणार होती. मनोऱ्यांचे खड्डे खणून झाले होते. कडेला लाल फडकी बांधलेल्या काठ्या होत्या. वरच्या अंगाला अजून करवतीचा आवाज चालला होता. ह्यात काही चोरीमारी नव्हती, सगळं रीतसर होतं. ज्यांना रीतसर कागद मिळतो त्यांचं काम असंच स्वच्छ असतं. पट्ट्यात येणारी झाडं कुणी साहेबाने येऊन मोजली होती, त्यांच्यावर पांढरे आकडे टाकले होते आणि ती पाडायला बाहेरची टोळी आणली होती.

मुलं पळतच आपापल्या प्लॉटकडे गेली. बाकीचे प्लॉट आतल्या बाजूला होते, शाबूत. चुना मात्र कुठे नावालाही उरला नव्हता. एका पावसाळ्याने सगळे नंबर धुऊन नेले होते. सर दोन-तीन बुंध्यांवरून हात फिरवून कसनुसं हसले. नकाशावरून ओळखू, म्हणाले.

रूपीच्या गटाचा प्लॉट पट्ट्याच्या कडेला होता. लाल फडक्याची काठी त्यांच्या खुंटीपासून पंधरा-वीस पावलं पलीकडे. सव्वीस झाडं जागच्या जागी उभी होती. कोपऱ्यातला मोह नव्हता. गुडघ्याएवढं खोड उरलं होतं, वरून सपाट, लालसर, आणि भोवती भुसा. ज्या बाजूला नवशी ओंजळ ठेवायची तिथून ट्रॅक्टरचं चाक गेलं होतं.

रूपी उभी राहिली.  सुनिता वही उघडून विचारत होती, "सत्तावीस कुठे गेला?" आणि हेमालीने तिच्या हातातून वही ओढून घेतली.

सर तावातावाने वर गेले आणि टोळीच्या मुकादमाला घेऊन आले. साधा माणूस होता, गुजरातच्या बाजूचा, डोक्याला रुमाल. शाळेचे सर म्हटल्यावर त्याने चपला काढल्या. कुठलं झाड ते कळायला त्याला जरा वेळ लागला.

"हां, हा मोह. दोन दिवस झाले."

"अहो, पण हे तुमच्या पट्ट्यात नाही. काठी बघा कुठे आहे."

"काठी आम्ही कशाला बघणार, सर? साहेब बोलला, पांढरा नंबर दिसेल ते पाडायचं. ह्याच्यावर नंबर होता."

"नंबर आमचा होता. शाळेचा. आणि तो तर पावसात गेला असेल, बाकीचे गेलेत."

"नाय नाय. एकदम साफ होता. ताजा चुना. या, दाखवतो तुम्हाला."

ओंडके गाडीवाटेला रचून ठेवले होते. मुकादमाने त्यातला एक पायाने फिरवला. सालीवर पांढरा स्वच्छ आकडा होता. दोन आणि सात. पण रूपीने काढला होता तसा नव्हता. सात जरा जास्तच वाकडा, दोनाची शेपटी लांब, आणि चुन्याचे थर एकावर एक चढलेले, जाड. "बघा," मुकादम म्हणाला, "आमची काय चूक?" त्याची चूक नव्हतीच. त्याला चूक म्हणावं असं तिथे कुणी नव्हतं, हेच तर वाईट होतं. सर खाली दगडावर बसले. म्हणाले, "नंबर टाकायला मी सांगितलं. पांढऱ्या रंगाने. मला सुचायला हवं होतं."

"सर," रूपी म्हणाली, "हे झाड प्लॉटात नव्हतं."

"म्हणजे?"

"मी खुंटी हलवली होती. नियमाप्रमाणे ते बाहेर होतं. ते माझ्या भावाचं आहे, सर. त्याला तिथे पुरलाय. मला ते वहीत पाहिजे होतं."

 सरांना टेम्पोतल्या टाळ्या आठवल्या असतील. हेमाली म्हणाली, "मी पाहिलं होतं, सर. मी बोलले नाही." सरांनी दोघींकडे पाहिलं आणि मान हलवली, न रागावता. मग ते उठले. "चल, तुझ्या घरी जाऊ. तुझ्या आईशी मी बोलतो. माफी मागतो."

"नको, सर. तिला मी सांगते. मीच सांगायला पाहिजे."

मोजणी त्या दिवशी झाली नाही. सरांनी मुलांना टेम्पोकडे नेलं, रूपीला तासाभराची मुभा दिली. हेमाली घराच्या कुंपणापर्यंत तिच्याबरोबर आली आणि तिथेच थांबली. उतार उतरताना रूपी मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आये, झाड माझ्यामुळे गेला. मी आकडा टाकला म्हणून त्यांनी तोडला. टाकला नसता तर उभा असता. एवढंच बोलायचं, मध्ये थांबायचं नाही, रडायचं नाही. मग आई मारो, बोलो, नाहीतर अबोला धरो, काही करो. ते घ्यायची तिची तयारी होती. खरं तर तिला तेच पाहिजे होतं. कुणीतरी आपल्याला बोलावं म्हणून ती जवळजवळ धावत घरी चालली होती.

नवशी दाराशी बसली होती. आठवडाभर ती चिकूच्या वाडीवर कामाला गेली होती, चिखल्याच्या बाजूला, आणि शनिवारी संध्याकाळी परतली तेव्हा झाड पडून ओंडके झालेले. तेव्हापासून तिने चूल पेटवलेली दिसत नव्हती. रूपीला पाहून ती उठली नाही. शेजारी हात ठेवून बस म्हणून दाखवलं.

"पाह्यला का?"

"पाह्यला."

"मी नव्हते हितं. मी असते त आडवी पडले असते."

रूपी बसली. वाक्य तयार होतं. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "आये, तो आकडा..."

"आकड्याचाच सांगते तुला," नवशी म्हणाली. "त्यातच माझी चूक झाली."

रूपी थांबली.

"तू सांगितला व्हता ना, आकडा हाय तवर कोणी हात नाय लावनार. पावसात तो फिक्का व्हाय लागला. मी मधीच जाऊन पाह्यला, त शेपटी गेलेली. म्हटला, आता काय करू? तू तिकडं शाळेत. मंग मी चुना आणला, त्यात डिंक घातला, आणि उरला व्हता त्याच्यावरून बोट फिरवला. परत पाऊस. परत फिरवला. चार वेळा, पाच वेळा, किती वेळा कोण जाणे. पाऊस गेल्यावर तर चांगला जाड काढला. तुला दिवाळीत दावायचा व्हता."

तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं, जणू रूपीला त्यावर काही दिसणार होतं. नवशी कधी शाळेत गेली नव्हती. आयुष्यात तिने लिहिलेले आकडे दोनच, आणि तेही एकाच झाडावर.

रूपीला ओंडक्यावरचे थर दिसले. वाकडा सात दिसला.  सगळ्या रानातले नंबर पावसाने पुसले होते. तिचाही पुसलाच असता, आणि पुसला असता तर मोह आज उभा असता. तिने टाकलेला आकडा पहिल्याच पावसात मेला होता. झाडाबरोबर गेला तो तिच्या आईचा आकडा. आणि आईने तो जपला होता तिच्या शब्दावर विसंबून, तिने ठसक्यात जोडून दिलेल्या एका वाक्यावर विसंबून.

ती घेऊन आलेलं वाक्य आता बोलता येणार नव्हतं. आकड्यामुळे झाड गेलं असं म्हणायचं म्हणजे आईला सांगायचं की तू स्वतःच्या बोटाने आपल्या पोराच्या डोक्यावरचं झाड पाडलंस. शिक्षा मागायला आलेली पोर ती. तिला शिक्षा मिळाली ती अशी, की तोंडच उघडायचं नाही. हे ओझं तिने निम्मं जरी खाली ठेवलं तरी ते सगळंच्या सगळं आईच्या अंगावर पडणार होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तिला ते आपोआप कळलं आणि तिने ओठ आवळून धरले.

वरच्या अंगाला करवत पुन्हा सुरू झाली. नवशीने तिकडे पाहिलं नाही. ती आपल्याच विचारात होती.

"मना लिवता नाय येत," ती म्हणाली. "मी नीट काढला नसंल. तुझ्यासारखा आला नसंल. त्यांनी वाचला नसंल, म्हनून तोडला. नीट काढला असता त सोडला असता ना?"

"नाय आये," रूपी म्हणाली.  "नीट काढला होता तू. मी पाह्यला. लांबून वाचता येत होता."

"खरा सांगतेस?"

"खरा."

नवशीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. तिने पदराने नाक पुसलं. मग तिने लेकीकडे वळून पाहिलं. घरात शिकलेली ती एकटीच, कागदाचं, सरकारचं, शहराचं काहीही असलं की तिलाच विचारायचं, आणि ती सांगेल ते खरं धरायचं, अशी त्या घराची रीत.

"मंग तोडला कशाला?"

कुंपणाशी हेमाली उभी होती. तिला ऐकू येत नव्हतं, नुसत्या दोघी दिसत होत्या. तिने टेम्पोच्या बाजूला पाहिलं आणि परत इकडे पाहिलं. नवशी उत्तराची वाट बघत होती, घाई न करता, विश्वासाने.

"मना नाय म्हाईत," रूपी म्हणाली.